चर्चची नवी जबाबदारी आणि घर: तुमचे अनुभव सांगा

आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, आमच्या वसईच्या चर्चमध्ये मिस्सेत बायबल वाचणाऱ्या वाचकांचं नियोजन माझ्याकडे आलंय. फादरांनी मिस्सा संपल्यावर विचारलं, तेही सासूबाईंसमोर. नाही कोण म्हणणार? दिसायला काम सोपं: पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरं वाचन, एवढ्यासाठी माणसं लावायची. पण शनिवारी रात्री भाकऱ्या टाकत असताना फोन येतो, "ताई, उद्या नाही हो जमत." नवऱ्याची शिफ्ट, धाकटी दुसरीत. तुम्ही कसं जमवलंत? उपदेश नको, घडलं ते लिहा.

वाचक, मुंबई
मी नियोजक नाही, पण गेल्या वर्षी नवा वाचक म्हणून पेंटेकॉस्टचं, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचं, पहिलं वाचन माझ्या वाट्याला आलं. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २, त्यात लोकांची आणि प्रांतांची नावंच नावं. पार्थी, मेदी, एलामी, मग कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया! आठवडाभर जेवताना घोकत होतो. मुलांना इतकी मजा वाटली की भाजी वाढतानाही "पंफुलिया, जरा मीठ दे" सुरू झालं. नेमणूक महिनाभर आधी कळली म्हणून हे जमलं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, म्हणजे पुढचं सगळं आधीच ठरलेलं असतं. आयत्या वेळी कागद हातात देण्याचं कारणच नाही. आणि एक राखीव वाचक ठेवा, ताई.

खजिनदार, नगर जिल्हा
आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जुनी. नगरला १८३१ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली, १९७० पासून सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, खजिनदार झालो तेव्हा वाटलं, हिशेबच तर लिहायचा. उपासनेनंतर दान मोजायला दोघांनी बसायचं हा आमच्याकडचा नियम, आणि चांगलाच नियम आहे. पण दुसरा गडी गप्पांत रमलेला असतो आणि घरी रस्सा गार होतो.

खरी परीक्षा हंगामाच्या सणाला. लोक शेतातलं आणतात: बाजरी, भोपळे, कोंबडा, अंडी. मग लिलाव. बोली अडली की सगळ्यांच्या माना खजिनदाराकडे वळतात. बायको म्हणायची, आपण वर्गणी वेगळी देतो आणि हा भोपळा वेगळा! खरं होतं तिचं. आता सणाआधी घरातच ठरतं की अमुक रकमेपर्यंत बोली, त्यापुढे बाबांनी खाली बघायचं. लक्ष ठेवायला थोरली मुलगी शेजारी बसते. कोंबड्याच्या वेळी तिने माझा हात धरून ठेवला होता.

संडे स्कूल, पुणे
नाताळच्या नाटकात प्रत्येक आईला आपली मुलगी मरिया हवी असते. माझी स्वतःची मुलगी मेंढरू झाली, कारण शिक्षिकेच्या मुलीला मरिया केलं तर वर्षभर ऐकावं लागेल. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. या बाबतीत मला अजूनही वाईट वाटतं. न्याय दिसावा म्हणून घरच्याच पोरांवर अन्याय करायची आपल्याला फार सवय आहे.

व्हिन्सेंट डी पॉल, मुंबई
सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणजे पॅरिसला १८३३ मध्ये सुरू झालेली गरजूंसाठीची सेवा; आम्ही दोघादोघांनी गरजू घरांना भेटी देतो. वेळेची अडचण झाली नाही, गुप्ततेची झाली. कुणाच्या घरी गेलो, कुणाच्या पोराची फी भरली, हे घरी सांगायचं नाही. आणि आई दारातच विचारणार, "आज कुणाकडे?" तिला बहुतेक घरं ठाऊक, अर्ध्यांशी नातं. सुरुवातीला ती रुसायची. आता तिनेच तोडगा काढलाय: विचारत नाही, पण निघताना पिशवीत एक डबा जास्तीचा ठेवते आणि सांगते, "लहान मूल असेल तिथे दे."

कॉयर, माजी
सगळेच जमवल्याचं लिहिताहेत म्हणून मी, चर्चच्या कॉयरमध्ये (गायनवृंदात) गाणारी, उलटं लिहिते. मुलाचं दहावीचं वर्ष, सासऱ्यांचं डायलिसिस, आणि नाताळाआधी रोज रात्री सराव. मी पाळकसाहेबांना भेटून सांगितलं, कॉयर थांबवते. ते म्हणाले, "प्रभूच्या कामाला वेळ काढावा लागतो." मी म्हटलं, "डायलिसिसला नेणं कुणाचं काम आहे, साहेब?" त्यावर त्यांनी चहा मागवला. मुलगा आता अकरावीला आहे. कॉयरवाले बोलावतात, पण आता खाली बाकावर बसून सासऱ्यांबरोबर गाणंच मला आवडतं. ते रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं पुस्तक न उघडता म्हणतात.