एंगलुंड गॅम्बिट: प्यादे घ्यावे, पण सहावी खेळी जपून

बुद्धिबळात पांढऱ्याच्या पहिल्या डी४ ला काळ्याकडून ई५ असे उत्तर आले, की त्याला एंगलुंड गॅम्बिट म्हणतात, म्हणजे काळा सुरुवातीलाच एक प्यादे देऊ करतो. अशा वेळी ते प्यादे मारूच नये, ई३ खेळून बगल द्यावी, असे काही जण सुचवतात. ते मला पटत नाही, कारण त्यामुळे पांढऱ्याला आयती मिळालेली आघाडी आपणहून परत जाते. प्यादे खुशाल मारावे. धोका दुसऱ्या खेळीत नाही, सहाव्या खेळीत आहे.

काळा घोडा सी६, पांढरा घोडा एफ३, काळा वजीर ई७, पांढरा उंट एफ४, मग बी४ वरून वजिराचा शह, तो अडवायला उंट डी२ आणि वजीर बी२ चे प्यादे मारतो, इथपर्यंत सगळे ठीक असते. यानंतर वजिरावर हल्ला करण्याच्या मोहाने मी उंट सी३ वर नेला आणि आठव्या खेळीला मात खाल्ली (तीही दोनदा, हे कबूल करायला हवे). काळा उंट बी४ वर येताच सी३ चा उंट राजासमोर जखडला जातो, म्हणजे तो बाजूला हलवला तर राजाला शह बसतो. वजीर डी२ वर आणला, तर काळा सी३ वर मारतो आणि आपण वजिराने परत मारताच काळा वजीर सी१ वर मात देतो. त्याऐवजी सहाव्या खेळीला घोडा सी३ वर काढावा, म्हणजे पुढे हत्ती बी१ वर येऊन वजिराला हुसकावतो. एवढी आकडेमोड नको असेल, तर चौथ्याच खेळीला उंटाऐवजी घोडा सी३ वर काढावा. मग बी४ वरून शहच बसत नाही, आणि काळ्याने प्यादे परत मिळवले तरी ई४ खेळून मध्य पांढऱ्याच्याच ताब्यात राहतो.