बालपणीची मैत्रीण / मित्र खूप वर्षांनी पुन्हा सापडले? अनुभव लिहा

चाळीतली:
काल माळा आवरताना पितळी डब्यात पाच सागरगोटे मिळाले आणि हात तिथेच थांबला. लालबागला आमची चाळ, तिसरा मजला, शेजारच्या खोलीत ती. दोघींचेही बाबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही पाचवीत, आम्हाला वाटलं बाबा घरी म्हणजे मजा. गणपतीला म्हणून ते लोक राजापूरला गेले ते परत आलेच नाहीत. जाताना सागरगोटे माझ्याकडे ठेवले, आल्यावर घेते म्हणाली. दोन अंतर्देशीय पत्रं आली, मग तीही बंद.

फेसबुकवर कितीदा शोधलं पण शोधणार कुठल्या नावाने? आडनाव बदललंच, शिवाय लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं की माहेरचं नाव फक्त माहेरच्यांच्या तोंडी उरतं. दोन वर्षांपूर्वी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, जुन्या भाडेकरूंचा व्हॉट्सॅप ग्रुप निघाला, त्यात तिचा भाऊ. फोन लावला, तिच्या माहेरच्या नावानेच हाक मारली. पलीकडे नुसता मिक्सरचा आवाज. मग तो बंद झाला आणि म्हणाली, "अगं, आई गेल्यापासून या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही गं." दोघी रडत बसलो. रोज बोलतो आता, पण तिच्या सासूबाई अंथरुणावर आहेत त्यामुळे भेट अजून नाही.

तुमचंही सांगा ना.

मोगरा:
तांदळातलं नाव!! अगदी अगदी. माझंही बदललंय. मी फेसबुकवर कंसात माहेरचं नाव टाकलं आणि आठ दिवसांत चौथीतली मैत्रीण सापडली. बायकांनो, टाका. कुकर लावलाय, बाकी नंतर.

पोफळीकर:
वडील वीज मंडळात, पोफळीची कॉलनी. कुणाची बदली झाली की सामानाचा ट्रक यायचा आणि मित्र गेला. माझा दोस्त नववीत गेला. मागच्या मे महिन्यात चिपळूण स्टँडवर एक जण माझ्या मुलाकडे बघत उभा, म्हणाला तुझे बाबा पोफळीला होते का रे? पोरगा सोळा वर्षांचा, चेहरा सेम माझा. तोपर्यंत मी पाण्याची बाटली घेऊन आलो तर हा!! दोघांनी आपापल्या गाड्या सोडल्या, तीन तास स्टँडसमोर मिसळ आणि चहा, बायकोचे फोन वर फोन

माईआजी:
सागरगोटे म्हणजे गजगेच ना? आम्ही फरशीवर घासून चटके द्यायचो, भावाच्या दंडावर फोड आला होता, आईने मलाच बडवलं

मोगरा:
हो माई 😂 चटका!! आता कुठे मिळतात? नातीला द्यायचेत.

माईआजी:
आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात विचार.

एकटीच:
सगळ्यांचं असं गोड होत नाही. मीही शोधून काढलं, पुण्यात भेटलो, मुलांच्या शाळा आणि फ्लॅटचे भाव यावर तासाभरात बोलणं संपलं. विहिरीत डोकावून एकमेकींची नावं ओरडायचो ते तिला आठवतच नव्हतं. येताना बसमध्ये रडले. वाढदिवसाला मेसेज करते अजून, ती इमोजी पाठवते.

पोफळीकर:
@एकटीच ताई वाईट वाटलं वाचून. मेसेज करणं सोडू नका.

मोगरा:
@एकटीच मिठी गं. तुला आठवतंय ना, मग ते खरंच आहे.

सातासमुद्रापार:
इथे न्यू जर्सीत रात्रीचा दीड वाजलाय आणि मी हे वाचत बसलेय. माझी सांगलीत आहे, तिची दुपारची भांडी आणि माझी मध्यरात्र, तेवढीच आमची वेळ.

चाळीतली:
सगळं वाचतेय, डोळे भरलेत. सकाळी तिला सागरगोट्यांचा फोटो पाठवला. आत्ता उत्तर आलं, "त्यातला चपटा तुझा. बाकीचे चार घेऊन ये, मी सासूबाईंजवळ नणंदेला बसवते." शनिवारी निघतेय.

पोफळीकर:
राजापूर रोड स्टेशनपासून गाव बरंच लांब आहे हां, रिक्षा आधीच सांगून ठेवा