उत्तर: थर्मोडायनॅमिक्सची सोडवलेली उदाहरणं

थर्मोडायनॅमिक्सची (उष्णता आणि कार्याच्या शास्त्राची) सोडवलेली उदाहरणं कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंत. नुसती उत्तरं नकोत, पायऱ्यांसकट सोडवलेली गणितं हवीत, ही मागणी रास्तच आहे. एमआयटी ओपनकोर्सवेअरवर काही अभ्यासक्रमांचे प्रश्नसंच उत्तरांसह मोफत मिळतात. कोणताही संच घेण्याआधी त्यातली चिन्हांची पद्धत (कार्य धन कधी, ऋण कधी) मात्र तपासा. अभियांत्रिकीत बहुधा वायूने केलेलं कार्य धन धरतात, रसायनशास्त्रात वायूवर केलेलं. दोन संच मिसळले की पहिल्या नियमाचं (ऊर्जेच्या हिशेबाचं) उत्तर हमखास चुकतं.

संख्येपेक्षा जोडीची उदाहरणं शोधा, म्हणजे एकाच सुरुवातीपासून वेगवेगळ्या वाटांनी जाणारी. १ मोल आदर्श द्विअणू वायू ३०० केल्विनला आहे, आकारमान दुप्पट करायचं. समतापी (तापमान स्थिर ठेवून) उत्क्रमणीय (हळूहळू, उलट फिरवता येईल अशा) प्रसरणात वायूने केलेलं कार्य सुमारे १७२९ ज्यूल. रुद्धोष्म (उष्णतेची देवाणघेवाण नसलेल्या) उत्क्रमणीय प्रसरणात तापमान सुमारे २२७ केल्विनपर्यंत उतरतं. निर्वातात मुक्त प्रसरण झालं तर कार्य शून्य, तापमान तेच, तरी एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली आहे याचं माप) ५.७६ ज्यूल प्रति केल्विनने वाढते; समतापी वाटेवरही वायूची एन्ट्रॉपी नेमकी तेवढीच वाढते. तेवढीच का, हे कागदावर मांडता आलं की एन्ट्रॉपी अवस्थेवर अवलंबून असते, वाटेवर नाही, हे खरोखर कळतं.

वाफेच्या तक्त्यांवरची (पाणी-वाफेच्या गुणधर्मांच्या कोष्टकांवरची) गणितं वेगळी करा. तिथे आधी अवस्था ठरवायची: दिलेलं विशिष्ट आकारमान (दर किलोचं आकारमान) संपृक्त द्रव (उकळण्याच्या बेतातलं पाणी) आणि संपृक्त वाफ (नुकतीच पूर्ण वाफ झालेलं पाणी) यांच्या मूल्यांमध्ये पडतं का? शुष्कतांक (मिश्रणाच्या वस्तुमानातला वाफेचा वाटा) १ च्या वर आला तर वाफ अतितप्त (संपृक्त वाफेहून गरम) आहे, तक्ता बदला. आणि उत्तर झाकून सोडवा. अडलात तर एकच ओळ उघडा.