उपासनेला तुम्ही कुठं बसता?

साक्षी, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सांगणं, आपण खूप ऐकल्यात. त्या बुधवारच्या प्रार्थनासभेत द्या, तिथं वेळही भरपूर असतो. आपल्या कोल्हापूरकडच्या ख्रिस्ती लोकांना माझा प्रश्न साधा आहे: रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तुम्ही कुठं बसता, आणि तिथंच का?

सुरुवात मी करते. बायकांच्या बाजूला, खिडकीकडचा चौथा बाक. आई तिथंच बसायची. ती कोडोलीची, 'चर्च' हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही, देऊळच म्हणायची. वाइल्डर मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले, एवढं मला पाठ आहे, पण आमच्या घराण्याचा इतिहास मला त्या बाकापुरताच ठाऊक. आई गेल्यावर पहिल्या रविवारी मी मुद्दाम दुसरीकडं बसले. मागून एका काकूंनी पदर ओढला, "अगं, तुझी जागा तिकडं हाय." उठले. रडू आलं ते गीत चालू असताना, म्हणून कुणाला कळलं नाही. आता बाकीच्यांची उत्तरं.

पेटीवाला

मला बाकच नाही. बावीस वर्षं पेटीमागं बसतोय. तिथून अख्खी मंडळी दिसते: कोण पेंगतंय, कोण घड्याळ बघतंय, कोण दान टाकताना मूठ उघडत नाही. आमच्यात भांडण एकच, पट्टी. म्हातारी माणसं म्हणतात चढतंय, खाली घे. तरुण संघाला गिटारला सोयीची पाहिजे. इंग्रजी चालीची गीतं तर अशी रेंगाळतात की चौथ्या कडव्याला पुढच्या आणि मागच्या बाकांत अर्ध्या ओळीचं अंतर पडलेलं असतं. पण कवी ना. वा. टिळकांचं भजन लावा, सगळी एकदम सुरात! त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवीचा नाद काही सोडला नाही. त्याचा फायदा आम्हाला अजून होतोय. भजनाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीतले एक वारकरी काका टाळ घेऊन येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मीच जरा बिचकत विचारलं, चालेल ना तुम्हाला? म्हणाले, "शब्द कुणाचं का असंनात, तू सम चुकवू नको."

रात्रपाळी

शेवटचा बाक, दाराजवळ. मिरजेला नर्सिंग केलं तेव्हापासून रात्रपाळी पाठ सोडत नाही. आठला ड्युटी संपते, नऊला उपासना. गणवेशावर स्वेटर चढवून तशीच येते. दोन गीतं, शास्त्रवाचन, इथपर्यंत जागी असते. संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू झाला की मान पडते. एकदा पाळकसाहेबांची माफी मागितली, तर म्हणाले, "वादळात मचव्यात प्रभूसुद्धा उशाला घेऊन झोपला होता. तुम्ही तर बाकावर झोपताय."

माझी खरी प्रार्थना वॉर्डात होते. गळ्यातला क्रूस बघून कुणीतरी रात्री दोनला विचारतं, "सिस्टर, जरा प्रार्थना करता काय?" हिंदू असोत, मुसलमान असोत. पेशंटचं नाव घेऊन हळू आवाजात करते. आमेन झालं की लगेच सलाईन बघायचं.

टपरीवरचा

मी आत बसतच नाही. आईला सोडतो, गाडी लावतो आणि समोर चहा पितो. विश्वास माझा बेताचाच. पण कापणीचा सण चुकवत नाही, कारण लिलाव!

देवापुढं काय काय येतं: गुळाचा रवा, उसाची मोळी, नारळ, भोपळे, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो प्रार्थनेतपण गप्प बसत नाही. उपासना सुटली की आवारात बोली. बोली पुकारणारे आमचे वडील (मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, माझा बाप नव्हे) एरवी बँकेत खालच्या आवाजात बोलणारा माणूस. त्या दिवशी शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा चाललाय असं वाटतं. गेल्या साली आईनं गच्चीवरच्या कुंडीतलं एकच वांगं आणलं. लोक हसले. दहा रुपयांपासून सुरुवात. एकानं घेतलं आणि परत दान केलं, पुन्हा बोली. असं चारदा झालं. शेवटी ईर्षेला पेटून साडेआठशेला मीच घेतलं. आई म्हणाली, "माझंच वांगं? साडेआठशेला? खुळा हाईस काय?" रात्री एकाच वांग्याचं भरलं वांगं झालं, तिघांत. अजून ती ते सगळ्यांना सांगते, आणि सांगताना जरा फुगलेली असते.

आजरेकरीण

आम्ही आजऱ्याकडचे कॅथलिक. मैत्रिणीबरोबर तिच्या प्रोटेस्टंट चर्चला गेले आणि सवयीनं गुडघे टेकले. बाकी सगळे बसलेले. काय करावं सुचेना. शेजारच्या आजी कण्हत कण्हत खाली आल्या, म्हणाल्या, "एकटी कशाला?"

शाहूपुरी

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, 55 च्या वर गेली. आम्ही अकरा माणसं राजारामपुरीत पाहुण्यांकडं. रविवारी गादीवरच बसून उपासना केली. हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" आलं, तसा पुतण्या मध्येच म्हणाला, "दूधपण." कुणी रागावलं नाही त्याला. पुढचं म्हणायला सगळ्यांना जरा वेळ लागला.

डिसेंबरातला पाहुणा

नोकरी पुण्यात, त्यामुळं माझी जागा म्हणजे कॅरलचा, नाताळच्या गाण्यांचा, टेम्पो. कावळा नाक्यापासून सुरू करायचं, घरोघर गायचं, करंज्या कोंबायच्या, चहाला नाही म्हणायचं नाही. एका साली रात्री अडीचला आवाज बसले, गारठा मरणाचा, आणि यादीतलं शेवटचं घर आम्ही सोडून दिलं. आजोबा एकटेच राहतात, झोपले असतील म्हटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, पहाटेपर्यंत व्हरांड्यातला दिवा लावून, कोट घालून बसले होते.

संध्याकाळी आम्ही तिघंच गेलो, गिटार नाही, काही नाही. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या कडव्याला मात्र खालचा सूर त्यांनीच धरला, आम्हा तिघांपेक्षा पक्का. चहा आदल्या रात्रीचाच गरम करून दिला.