२८ ताज्या पायांसाठी ठीक

‘सायकलच्या कॉम्पॅक्ट क्रँकला (पेडलपाशी नेहमीपेक्षा लहान दातेरी चक्रं) मागे ११-२८ (११ ते २८ दात्यांची चक्रं) पुरे, मोठा घाट एकच तर आहे’ हे ताज्या पायांना खरं. पण ठाण्याहून निघून कसारा घाट लागेपर्यंत ८० च्या वर किलोमीटर झालेले असतात. ३४-२८ वर (पुढे ३४ दाते, मागे २८) मिनिटाला ७० पेडल मारायची तर ताशी पावणेअकराचा वेग हवा. ३४-३२ वर साडेनऊच्या आत भागतं. माझा वेग तेव्हा सातवर आला होता, गुडघे काय म्हणत होते ते विचारू नका.

कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घेण्याआधी मागच्या डिरेलरचं, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचं, केज (त्याच्या दोन पुल्या धरणारा सांगाडा) बघा मात्र. माझं आखूड निघालं, ३२ वर टाकलं की वरची पुली दात्यांवर करकर घासायची. शेवटी लांब केजचा डिरेलर आणि चेनसुद्धा नवी, असा कॅसेटपेक्षा वरखर्चच जास्त झाला.