निर्लेखनाच्या वहीला पेटंट द्यायचं का?

मेहरूणकाठ (जळगाव)

आमच्या कॉलेजात मागच्या महिन्यात निर्लेखन समिती बसली. अनुदानित संस्थेत काम न केलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टिकाऊ वस्तू आली की ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. तिला क्रमांक पडतो, तो ऑइलपेंटने तिच्यावर लिहितात. वर्षातून एकदा पडताळणी होते. वस्तू निकामी झाली की समिती पाहणी करते, ठराव होतो आणि ती वहीतून कमी होते. ही शेवटची पायरी म्हणजे निर्लेखन. यंदा समितीपुढे एक्केचाळीस जुने डेस्कटॉप होते.

त्याच आठवड्यात एक विक्रेता संगणक आणि टॅबलेटचा हिशेब ठेवणारं, त्यांची 'निवृत्ती' सांभाळणारं सॉफ्टवेअर दाखवायला आला. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'पेटंट अर्ज दाखल'. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. मी शोधून त्यातले दावे वाचले, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते. उपकरणाला ओळख क्रमांक देणे. ते कोणाच्या ताब्यात आहे ते नोंदवणे. वय आणि दुरुस्तीचा खर्च पाहून निवृत्तीची तारीख सुचवणे. वरिष्ठांची मंजुरी घेणे. डेटा पुसल्याचा दाखला जोडणे. विल्हेवाट नोंदवणे.

डेटा पुसण्याचा दाखला सोडला तर यातली प्रत्येक गोष्ट आमचे लिपिक पेनाने करत आलेत. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये स्पष्ट लिहिलंय की गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध नव्हेत. पेटंट वीस वर्षं चालतं. खानदेशातल्या शाळा-कॉलेजांनी आपल्याच वहीची रीत वापरायला वीस वर्षं कुणाची परवानगी काढायची? पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने हा अर्ज फेटाळावा, असं माझं ठाम मत आहे. दुसरी बाजू कुणाकडे असेल तर मांडा.

अवधानकर (धुळे)

सर, तुम्ही वाचलेला अर्ज माझा आहे. तो विक्रेता आमचा वितरक. चार वर्षं आम्ही तिघं यावर बसलोय, त्यामुळे तुमचा धागा वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही नाव घेतलं नाहीत, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

वही भरणं हा आमचा शोध नाहीच. आमचा प्रश्न धडगाव-अक्कलकुव्याकडच्या शाळांमधून आला. तिथले टॅबलेट आठवडेच्या आठवडे रेंजमध्ये नसतात. एखादा हरवला किंवा भंगारात गेला तर 'पुसून टाक' हा सर्व्हरचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मुलांची नावं, फोटो, आधार क्रमांक आत तसेच राहतात. आम्ही असं केलं: टॅबलेटमधला सगळा डेटा एका किल्लीने कुलूपबंद असतो. ती किल्ली टिकवायला ठराविक मुदतीत नवी परवानगी मिळावी लागते. मुदत टळली की टॅबलेट स्वतः किल्ली नष्ट करतो, मग आतलं कुणालाच उघडता येत नाही. नष्ट केल्याची पावती तो ब्लूटूथवरून जवळच्या दुसऱ्या टॅबलेटला देतो, आणि तो रेंजमध्ये आला की पावती सर्व्हरला पोचते.

यात यंत्राच्या आत काही घडतंय की नाही? मग ते 'निव्वळ प्रोग्रॅम' कसं? कॉपीराइट आहे म्हणाल, तर कॉपीराइट आम्ही लिहिलेल्या कोडला आहे. रीत बघून दुसऱ्याने वेगळा कोड लिहिला तर आम्ही काय करायचं? पुण्या-मुंबईची मोठी कंपनी महिन्याभरात लिहून घेईल. छोट्या माणसाला पेटंटशिवाय आधार नाही. परीक्षणात ३(के) हा एकच झाडू सगळ्या सॉफ्टवेअरवर फिरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

सातपुडा_पायथा (नंदुरबार जिल्हा)

मी अशाच शाळेत शिकवते. पेटंटचं मला कळत नाही, पण अवधानकर भाऊ, पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन महिने रेंज येत नाही. टॅबलेट हरवलेला नाही, वर्गातच आहे, आणि मुदत टळली म्हणून त्याने स्वतःची किल्ली मोडली तर मुलांनी त्यात केलेलं काम कोण परत देणार? पुसणं जितकं महत्त्वाचं, तितकंच चुकून न पुसणंही.

अवधानकर

ताई, तुमचं बरोबर आहे, आणि आम्ही त्यात पहिल्या वर्षी अडकलोच होतो. आता मुदत एकशे वीस दिवसांची ठेवतो. शिवाय परवानगी थेट सर्व्हरकडूनच यायला हवी असं नाही. केंद्रप्रमुखांचा टॅबलेट तालुक्याला जाऊन आला की तो सगळ्यांची परवानगी घेऊन येतो आणि बाकीच्यांना वाटतो. उलट वाटेने पावत्या जातात.

गोलाणीतला (जळगाव)

मी पंधरा वर्षांपासून जुने लॅपटॉप-मोबाइल विकतो. माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो भो. 'डेटा पुसला' असा शिक्का मारलेला कागद सोबत असतो आणि हार्डडिस्क जोडली तर आत पगारपत्रकं, पोरांचे निकाल, सगळं. कारण कोणीतरी फॉरमॅट मारून कागदावर सही केलेली. साध्या हार्डडिस्कवर नुसतं क्विक फॉरमॅट मारलं तर यादी जाते, माल जागेवर राहतो. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपवाल्या डिस्कचं, तर त्याहून वेगळं. ती झीज सारखी व्हावी म्हणून लिहिलेलं आतल्या आत इकडून तिकडे हलवते, त्यामुळे वरून लिहून पुसलं तरी राखीव कप्प्यांत जुनी प्रत राहू शकते. तिला पुसायचा हुकूम ड्राइव्हच्या आतच बसवलेला असतो, तो द्यावा लागतो, नाहीतर किल्ली मोडावी लागते. हे ज्ञान जगजाहीर आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची डेटा पुसण्याबद्दलची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका २००६ पासून फुकट मिळते.

म्हणून माझा सवाल अवधानकरांना: किल्ली मोडणं तुमचं नाही, हुकूम तुमचा नाही. मग पेटंट नेमकं कशाचं? उद्या मी माझ्या दुकानात किल्ली मोडून डिस्क साफ केली तर मला नोटीस येणार का?

अवधानकर

दादा, तुमच्या दुकानाला अजिबात हात लागणार नाही. रेंज नसताना परवानगी आणि पावती या टॅबलेटवरून त्या टॅबलेटवर नेणं, हे आमचं आहे.

मेहरूणकाठ

अवधानकर, मी तुमचा अर्ज पुन्हा उघडून बसलोय. तुम्ही इथे जे सांगितलंत ते वर्णनात सव्विसाव्या परिच्छेदात आहे. दाव्यांत त्यातलं काहीच नाही. पहिल्या दाव्यात टॅबलेट हा शब्दसुद्धा नाही, 'उपकरण' आहे. किल्ली नाही, ब्लूटूथ नाही, रेंज नाही. या दाव्यांवर पेटंट मिळालं तर गोलाणीतल्या दादांना नोटीस येईल की नाही ते सांगता येत नाही, पण आमच्या कॉलेजच्या लिपिकाने एक्सेलमध्ये वही केली तर तो नक्की त्यात येईल. हक्क दाव्यांना मिळतो, मनातल्या हेतूला नाही.

अवधानकर

दावे एका पेटंट एजंटने लिहून दिले. 'जितकं मोठं कुंपण तितकं चांगलं' असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही विश्वास ठेवला. मागच्या तिमाहीत पहिला परीक्षण अहवाल आला, त्यात ३(के) ची हरकत आहे आणि कल्पकतेचीही, म्हणजे यात जाणकाराला सहज न सुचणारं काही नाही अशी.

गिरणाकाठ (मूळ चाळीसगाव, सध्या मुंबई)

मी पेटंटच्या कामातच आहे, म्हणून दोघांच्याही चुका सांगतो.

मेहरूणकाठ सर, ३(के) वाचताना 'निव्वळ' हा शब्द कुठे लागतो ते बघा. तो संगणक प्रोग्रॅमला लागतो, व्यवसायाच्या पद्धतीला नाही. हे कलम २००२ च्या दुरुस्तीने आलं आणि २००३ पासून लागू झालं. डिसेंबर २००४ च्या वटहुकमात प्रोग्रॅमचा उद्योगातला तांत्रिक उपयोग या बंदीतून वगळायचा प्रयत्न झाला, पण २००५ चा कायदा करताना संसदेने ते शब्द गाळले. म्हणजे दार सताड उघडं ठेवायचं नाही, हे ठरवून केलं गेलं. पण ते बंदही नाही. फेरीद अलानी यांचा २००२ चा अर्ज याच कलमावर अडकला होता, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की शोधाचा तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान असेल तर तो संगणक प्रोग्रॅमवर चालतो एवढ्यावरून नाकारता येणार नाही. पेटंट कार्यालयाच्या फेब्रुवारी २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नवं हार्डवेअर हवंच अशी अट होती, ती २०१७ मध्ये काढली. त्यामुळे 'सॉफ्टवेअर आहे, फेटाळा' असं म्हणता येत नाही.

पण अवधानकर, व्यवसायाच्या पद्धतीला अशी पळवाट नाही. २०२३ मध्ये ओपनटीव्ही कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी पूर्ण आहे असंच धरलं. तुमचे आजचे दावे, म्हणजे नोंद, मुदत, मंजुरी, विल्हेवाट, हे सरळ तिथे जाऊन पडतात. अमेरिकेतही २०१४ च्या ॲलिस खटल्यानंतर हेच. दोन व्यवहारी पक्षांमधला मध्यस्थ पूर्वापार जे करत आला ते साध्या संगणकाकडून करून घेतलं म्हणून शोध होत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. परीक्षकाने तुमच्यावर झाडू फिरवलेला नाही. त्याच्यासमोर जे ठेवलं ते त्याने वाचलं.

आणखी एक कटू गोष्ट. मुदत टळली की डेटा पुसायचा, हे मोबाइल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून आहे. त्यावर दावा टिकणार नाही. पावती आणि परवानगी एकमेकांकडून पुढे नेणं, इथे तुमचा जीव आहे. वर्णनात ते लिहिलेलं असेल तर कलम ५९ खाली दावे आवळता येतात. आवळता येतात, पसरवता येत नाहीत. अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर जायला हवं, मागितल्यास आणखी तीन.

भुसावळ_जंक्शन

मी रेल्वेच्या स्टोअरमध्ये छत्तीस वर्षं काढली. आमच्याकडे निर्लेखन म्हणत नसत, 'कंडेम' म्हणत. वॅगन असो की टाइपरायटर, कार्ड असायचं, त्यावर घेतल्याची तारीख, दुरुस्त्या, आणि शेवटी कंडेम केल्याची सही. दुरुस्तीचा खर्च वाढला की वरिष्ठांकडे कागद जायचा. मेहरूणकाठ सरांनी दिलेले ते सहा दावे वाचले तेव्हा मला माझं टेबल दिसलं. मला एवढंच विचारायचं आहे, परीक्षकाला हे कसं कळणार? तो संगणकावर पेटंटं शोधणार. आमची कार्डं तिथे नाहीत.

गिरणाकाठ

काका, हीच खरी अडचण आहे. पण कपाटातलं कार्ड दाखवलं तर समोरचा म्हणेल, हे कार्यालयाच्या आत होतं, लोकांना माहीत नव्हतं. पेटंट अडवायला कायद्याला भारतात लोकांना माहीत असलेलं किंवा उघड वापरात असलेलं, नाहीतर कुठेही छापून प्रसिद्ध झालेलं लागतं.

भुसावळ_जंक्शन

मग छापलेलं देतो. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, २०१७. नियम २१३ मध्ये मालाची वर्षातून एकदा पडताळणी, नियम २१७ मध्ये निकामी मालाची विल्हेवाट. हे नियम कुणालाही मिळतात. २०१७ च्या आधीचीही पुस्तकं आहेत. संगणक हा माल नाही का?

गिरणाकाठ

हे चालेल. फार चांगलं चालेल. आजच्या दाव्यांतली संगणक न लागणारी प्रत्येक पायरी यातून झाकली जाते.

मेहरूणकाठ

भुसावळच्या काकांनी जे केलं त्याला कायद्यात वाट आहे. पेटंट मिळण्याआधी कलम २५(१) खाली कुणीही विरोध नोंदवू शकतो. २०२४ च्या नियमांनंतर त्याला फी लागते, पण वाट उघडी आहे. अवधानकर, तुम्ही दावे आहेत तसेच ठेवलेत तर मी हे नियम जोडून विरोध दाखल करणार. तुम्हाला अंधारात ठेवून करायचं नाही म्हणून इथेच सांगतो.

आणि माझं एक मत मी बदलतो. सुरुवातीला मी अख्खा अर्ज फेटाळा म्हणालो होतो. पावतीचा भाग वेगळा आहे. रेंज नसलेल्या गावात यंत्र पुसलं गेलं याचा पुरावा परत आणणं, हे आमच्या वहीने कधी केलेलं नाही. आमच्या वहीत 'डेटा नष्ट केला' अशा ओळीखाली माझी स्वतःची सही आहे आणि ते डेस्कटॉप कुणी कसे पुसले ते मी पाहिलेलं नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, मोठ्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलर, दुरुस्तीकार किंवा उत्पादकाकडेच द्यायचा आहे. तेवढं आम्ही पाळतो. पण डिस्कमध्ये काय राहिलं हे आम्ही बघतच नाही.

अवधानकर

सर, दावे आवळायचे ठरवलं. काल रात्री तिघं बसलो होतो. नोंद, मंजुरी, विल्हेवाट, सगळं गाळतोय. पण एका मुद्द्यावर मी तुमच्याशी अजून भांडणार. तुम्ही म्हणता हक्क दाव्यांना मिळतो, हेतूला नाही. धुळ्यातल्या माणसाने दावे लिहायला शिकायचं कुठे? अर्जाची फी आम्हाला सवलतीची आहे, ती जड नाही. जड आहे ते चांगलं लिहून देणारा माणूस मिळणं. विद्यापीठाने, तुमच्यासारख्या कॉलेजांनी हे शिकवायला हवं. तुम्ही विरोध करायला जितका वेळ काढलात तितका आधी काढला असतात तर हा अर्ज असा गेलाच नसता.

मेहरूणकाठ

मान्य. दावे पाठवा, मी आणि गिरणाकाठ वाचून देऊ. किती दिवस उरलेत?

अवधानकर

चौसष्ट. रविवारी जळगावला येतो. त्या एक्केचाळीसपैकी ज्यात एसएसडी असेल असा एक तरी रिसायकलरला देऊ नका, बाजूला काढून ठेवा. गोलाणीतल्या दादांनाही बोलवा. त्यांना आत काही सापडतं का ते त्यांच्याकडूनच बघायचंय.

गोलाणीतला

येतो. केबल आणि अडॅप्टर माझे.