‘ऑन द वॉटरफ्रंट’ : टेरीची साक्ष आणि काझान यांची साक्ष

मडगावकर (प्रश्न) :
आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (1954) दाखवायचे ठरले असून प्रास्ताविक माझ्याकडे आले आहे. दिग्दर्शक एलिया काझान यांनी एप्रिल 1952 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेतील आपल्या जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगितली होती, आणि या चित्रपटाचा नायक टेरी मलॉय हाही शेवटी आयोगापुढे उभा राहून गोदीवरच्या टोळीविरुद्ध साक्ष देतो. हा संबंध प्रेक्षकांना आधी सांगावा की नंतर? आधी सांगितल्यास टेरी झालेल्या मार्लन ब्रँडो यांचा अभिनय कोणी मोकळ्या मनाने पाहणार नाही, अशी मला भीती वाटते.

पणजीचा प्रेक्षक :
नंतरच सांगा, पण सांगितल्याशिवाय राहू नका. टेरी टोळीच्या म्होरक्याला ‘मी केले त्याचा मला आनंद आहे’ असे ओरडून सांगतो, तेव्हा ते आपणच बोलत होतो, हे काझान यांनी आत्मचरित्रात स्वच्छ लिहिले आहे. माझा आक्षेप या तुलनेलाच आहे. टेरी खुन्यांविरुद्ध बोलतो आणि जीव धोक्यात घालतो; काझान यांनी मात्र ज्यांची नावे घेतली त्यांचा दोष एवढाच, की ते 1930 च्या दशकात एका पक्षाचे सभासद होते, आणि गप्प राहिले असते तर काझान यांचे हॉलिवूडमधले काम गेले असते. पटकथाकार बड शुल्बर्ग यांनीही 1951 मध्ये अशीच साक्ष दिली होती. 1999 मध्ये काझान यांना मानद ऑस्कर दिले गेले, तेव्हा सभागृहातील कित्येकांनी टाळी वाजवली नाही.

वास्कोचा वाचक :
वरील मुद्दा मान्य असला तरी सगळा चित्रपट त्या एका साक्षीत कोंबणे मला अन्यायाचे वाटते. याचे मूळ माल्कम जॉन्सन या पत्रकाराने 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या गोदीतील गुन्हेगारीवर लिहिलेल्या लेखमालेत आहे, जिला पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि कार्ल माल्डन यांनी रंगवलेला पाद्री जॉन कॉरिडन या खऱ्या धर्मगुरूवर बेतलेला आहे. सकाळच्या भरतीचा प्रसंग नीट पाहा. मुकादम त्या दिवसाच्या कामाचे उरलेले बिल्ले जमिनीवर भिरकावतो आणि पोटासाठी आलेली माणसे एकमेकांच्या अंगावर पडून ते वेचतात. मुरगाव बंदराच्या परिसरात वाढलेल्या माझ्यासारख्याला तो प्रसंग सहज पाहवत नाही. रोज हजेरीच्या वेळी मुकादमाच्या मर्जीवर माणूस घेण्याची रीत आपल्याकडच्या बंदरांतही होती, म्हणून तर भारतात 1948 मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा करावा लागला. तसेच जोई डॉयलचे जाकीट विसरू नका. खून झालेल्या जोईचे ते जाकीट आधी दुगन या कामगाराच्या अंगावर येते, तोही मारला जातो, आणि अखेरीस ते टेरीकडे पोहोचते. त्या जाकिटात काझान यांची बाजू कुठेही नाही.

मडगावकर :
दोघांचेही मनापासून आभार. संबंध चित्रपटानंतर सांगेन, जॉन्सन यांच्या लेखमालेपासून मात्र आधीच सुरुवात करेन. टेरी आणि त्याचा भाऊ यांच्या टॅक्सीतल्या प्रसंगाबद्दल कोणी सांगू शकेल का? मागच्या काचेवर पट्ट्यांचा पडदा का आहे, असे कोणी हमखास विचारणार.

म्हापशाचा सिनेरसिक :
त्यामागे निव्वळ अडचण आहे. बाहेरचा रस्ता पडद्यावर दाखवण्याचे यंत्र चित्रीकरणाच्या वेळी उपलब्ध नव्हते, म्हणून काच झाकून टाकली. बाहेरचे काही दिसत नसल्यामुळे भावांच्या भूमिकेतील ब्रँडो आणि रॉड स्टायगर यांच्या चेहऱ्यांखेरीज नजरेला दुसरा आधार उरत नाही. छायालेखक बोरिस कॉफमन फ्रान्समध्ये दिग्दर्शक जाँ व्हिगो यांच्याबरोबर काम करून आलेले होते, आणि चित्रीकरण झाले त्या होबोकेन या बंदराच्या गावातल्या हिवाळ्यातला तो करडा, गोठलेला प्रकाश त्यांचाच. चित्रपटाच्या आठ ऑस्करांपैकी एक त्यासाठी मिळाले. मात्र मला विचाराल तर टॅक्सीपेक्षा कबुलीच्या प्रसंगाकडे लक्ष वेधा. जोईच्या खुनातला आपला वाटा टेरी जोईच्या बहिणीला सांगतो, तेव्हा बोटीचा भोंगा त्याचे शब्द गिळून टाकतो आणि आपल्याला फक्त ईव्हा मेरी सेंट यांचा चेहरा वाचावा लागतो. प्रक्षेपणाआधी त्या भागातला आवाज तपासून घ्या. भोंगा बारीक ऐकू आला, तर संवाद मुद्रणात बिघाड झाला आहे असेच लोकांना वाटेल.